चार बाटल्या आणि मरीआईचा गाडा

ऑफिसांची नावं मी सांगणार नाही. पेन्शन अजून चालू आहे, आणि आपल्याकडं पेन्शन सुरू व्हायला वेळ लागतो, बंद व्हायला लागत नाही. तेव्हा एकाला मी जुनं ऑफिस म्हणतो, दुसऱ्याला नवं. तुम्हाला काय समजायचं ते समजा.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. ऑगस्टच्या एक तारखेला सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. वरचा उत्तर सातारा झाला, खालचा दक्षिण सातारा, आणि त्याचा कारभार सांगलीला गेला. आजूबाजूची विलीन झालेली संस्थानं त्यात मिसळली. नकाशावर बघायला झकास होतं. पण त्याच दिवशी पटकीच्या लशीची एक पेटी रेल्वेत होती. ती निघाली तेव्हा एक जिल्हा होता, पोचली तेव्हा दोन. पेटीला हे कुणी कळवलं नव्हतं.

त्या पेटीची वाट बघत बसलेला माणूस मी. नाव धुळा, जात धनगर, गाव तरसमाळ. गाव म्हणतो ते आपलं उगीच. पूर्वेकडच्या दुष्काळी माळावर दहा-बारा खोपटी, त्रेसष्ट माणसं आणि त्यांच्या दसपट मेंढरं. लढाईत मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग शिपाई होतो. ब्रह्मदेशात भर पावसात, चिखलातून, खेचराच्या पाठीवरून आमची लस यायची, आणि वरून जपानी गोळ्या घालत असताना वेळेवर यायची. लढाई संपली, स्वराज्य आलं, मी कुरणगावच्या तालुका दवाखान्यात टोचणीमास्तर म्हणून लागलो. तेव्हा मला कळलं की जपानी लोक तसे फार काही अडवत नव्हते.

श्रावण लागला आणि कुरणगावच्या ओढ्यापलीकडच्या गावांत, म्हणजे आमच्या तरसमाळच्या बाजूला, पटकी शिरली. आमच्याकडं तिला मरी म्हणतात. सकाळी माणसाला जुलाब-वांत्या सुरू झाल्या की संध्याकाळपर्यंत तो गार. आमच्या वस्तीवरचा जोतीराम नावाचा म्हातारा मेंढरं विकायला कुरणगावच्या बाजारात आला होता. तो दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला.

"लिंबेघोलला आठ दिसांत अकरा माणसं गेली बग," तो म्हणाला.

"आन् आपल्याकडं?"

"आजून कोन न्हाई. पर लिंबेघोलची आन् आपली हीर एकच हाय. तुज्या आयनं इचारलंय, दवाखान्यात काय औषध हाय का म्हून."

"हाय की. येतंय," मी म्हणालो.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सरकारी नोकराच्या तोंडचं 'येतंय' म्हणजे काय असतं ते मलाच अजून ठाऊक नव्हतं. जोतीरामनं मात्र ते खरं धरलं. जाऊन माझ्या आईला सांगितलं, की पोरगं म्हणतंय येतंय.

आईचं नाव बनुबाई. मी सात वर्षांचा असताना माझा बाप मरीनंच गेला. त्यानंतर तिनं लोकांची मेंढरं राखली, लोकांच्या बांधावरचं गवत कापलं, आणि मला लिंबेघोलच्या शाळेत घातलं. दरसाल आषाढात मला एक नवा सदरा मिळायचा. हिरव्यागार खणाचा. "मामानं धाडलाय," आई म्हणायची. शाळेतली पोरं मला पोपट म्हणायची आणि मी मामाला मनातल्या मनात शिव्या घालायचो. हा मामा मी कधी बघितला नाही. लांब, कोकणच्या अंगाला असतो म्हणे.

तर पेटी. दवाखान्यातला कारकून नाथाजी रोज टपाल फोडायचा आणि मला वाचून दाखवायचा. पेटी पहिल्यांदा जुन्या ऑफिसात गेली. जुनं ऑफिस म्हणालं, हा तालुका आता आमचा नाही, आणि पेटी नव्या ऑफिसकडं ढकलली. नवं ऑफिस म्हणालं, तालुका आमचा हे कबूल, पण मागणी तुम्ही केली होती, तेव्हा पोच तुम्हीच द्यायची. पेटी परत. मग जुन्या ऑफिसला आठवलं की ओढ्यापलीकडची सात गावं पूर्वी संस्थानाची होती. म्हणून पेटी संस्थानाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडं गेली. त्याची जागा मोडीत निघाली होती, पण त्याच्याकडून किल्ल्या घ्यायला कुणी आलं नव्हतं, म्हणून तो बिचारा रोज येऊन खुर्चीत बसायचा. त्यानं पेटीवर शेरा मारला, की मला अधिकार नाही, आणि ती नव्या ऑफिसला पाठवली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बंबाला निदान रस्ता तरी ठाऊक असतो.

"मास्तर, पेटीत बर्फ असतो ना?" नाथाजीनं एकदा मला विचारलं.

"असतो."

"आता काय असंल?"

"शेरे," मी म्हणालो.

एकोणिसाव्या दिवशी पेटी कुरणगावला आली. बारा बाटल्या, प्रत्येकीत पन्नास माणसांची लस. भुसा वाळून खडखडीत झाला होता. आमचे डॉक्टर लालासाहेब यांनी बाटली उजेडात धरून हलवून बघितली. भला माणूस, फक्त कागदाला फार भ्यायचा.

"पटकीची लस तशी चिवट असते," ते म्हणाले. "देवीची असती तर केव्हाच मेली असती. चालेल ही."

मग त्यांनी सोबतचं पत्र वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पत्रात लिहिलं होतं की सदर लस ओढ्याच्या अलीकडच्या गावांसाठीच वापरावी. पलीकडच्या सात गावांसाठी वेगळी मागवण्यात येत आहे. येतंय. तोच शब्द, फक्त टाइप केलेला.

"साहेब, मरी पलीकडं आहे," मी म्हणालो. "अलीकडं तीन माणसं आजारी आहेत. पलीकडं रोज तीन मरतायत."

"मला कळतंय रे. पण लिहून आलंय."

"माझी आई पलीकडं आहे."

लालासाहेबांनी चष्मा परत लावला आणि पत्राची मागची बाजू बघितली, तिथं काही वेगळं लिहिलं असेल तर बरं म्हणून. तिथं काही नव्हतं.

आणि लस चोरून न्यायची म्हटली तरी वाट बंद. तोवर ओढ्याच्या पुलावर सरकारनं नाका बसवला होता. पटकी टोचून घेतल्याचा दाखला असेल त्यालाच सोडायचं, हा हुकूम. पलीकडच्या माणसाकडं दाखला नाही, कारण त्याला टोचलं नाही. टोचलं नाही कारण लस नाही. लस न्यायची तर नाका ओलांडायला पाहिजे, आणि नाक्यावर पिशव्या उघडून बघत होते. ज्यानं कुणी हे सगळं जमवून आणलं त्याला लढाईत आमच्या बाजूला घेतलं असतं तर लढाई अजून चालू असती.

त्या सोमवारी कुरणगावच्या चावडीत बैठक बसली आणि ठरलं, की उद्या मंगळवार आहे, मरीआईचा गाडा काढायचा.

आता ज्यांना गाडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातभर लाकडी गाडा करतात, चार चाकांचा. त्यात शेंदूर लावलेली मरीआई बसवतात. तिच्यापुढं हिरवं लुगडं, चोळीचा खण, बांगड्या, नारळ, दहीभाताचा निवद आणि लिंबाचा पाला. हलगी वाजवत गाडा गावाच्या शिवेवर ओढत नेतात, शिवेपलीकडं ढकलतात आणि मागं न बघता परत येतात. म्हणजे मरी गावाबाहेर गेली. गेली कुठं, तर पुढच्या गावात. पुढच्या गावाला गाडा शिवेवर दिसला की त्यांनी तो दिवस मावळायच्या आत आपल्या शिवेपलीकडं लावायचा. ठेवून घेतला तर गावाचं वाटोळं. आषाढात दरसाल हे होतंच, आणि मरी आली की पुन्हा होतं. आमच्याकडं गाडा कायम उगवतीकडं जातो, कारण मावळतीला ऊस आहे आणि सोयरे आहेत. उगवतीला सात गावं, आणि सातवं तरसमाळ. त्याच्यापुढं गाव नाही, नुसता माळ. म्हणजे सगळ्या मुलखाची मरी शेवटी आमच्या वस्तीमागच्या घळीत येऊन पडायची आणि तिथंच तिला वाळवी लागायची. आम्ही कधी तक्रार केली नाही. करायची कुणाकडं?

लहानपणी आईनं मला बजावलं होतं, की घळीकडं जायचं नाही. गाड्याकडं नुसतं बघितलं तरी डोळे जातात. मी लढाईवर जाऊन आलो, पण घळीत कधी गेलो नव्हतो.

त्या सोमवारी चावडीच्या पायरीवर मी बोटं मोजत बसलो. कुरणगाव ते तरसमाळ बावीस मैल. टपालाला सहा दिवस. पेटीला एकोणीस दिवस, आणि तीही अर्ध्याच वाटेला. गाड्याला दीड दिवस. त्याला शिक्का लागत नाही, पोच लागत नाही, आणि त्यातल्या वस्तूला हात लावायची कुणाची छाती नाही. पुढच्या माणसानं तो घेतलाच पाहिजे आणि आजच पुढं दिला पाहिजे, हे बावीस मैलांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी खेचरांच्या रांगा बघितल्या होत्या, पण असला बंदोबस्त बघितला नव्हता.

गाड्याची व्यवस्था गुंडा पोतराजाकडं असायची. मी त्याच्याकडं गेलो. तो चाकाला वंगण लावत बसला होता.

"गुंडा, गाड्यात चार बाटल्या ठेवायच्यात. लुगड्याच्या खाली."

"कसल्या?"

"मरीच्या औषधाच्या. तरसमाळला जायच्यात."

गुंडानं वंगणाचा हात धोतराला पुसला आणि माझ्याकडं बघितलं. "मरीआईच्याच गाड्यात, मरीआईलाच मारायचं औषध?"

"व्हय."

"लय झालं की मास्तर."

"ती रागावंल?"

"तिचं काय न्हाई. तिचं प्वाट मोठं हाय," गुंडा म्हणाला. "ती समद्यांचं पोटात घालती. मी म्हणतो सरकारचं काय? सरकारला इचारलंय का?"

"न्हाई."

"मग ठेवा. इचारलं असतं तर म्या ठेवू दिलं नसतं."

दवाखान्यात येऊन मी लालासाहेबांपुढं उभा राहिलो. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला वेडा म्हटलं, मग दार लावून घेतलं.

"धुळा," ते म्हणाले, "एकोणीस दिवस प्रवास झाल्यावर बारातल्या चार बाटल्या फुटलेल्या निघाल्या तर नवल नाही."

"नाही साहेब."

"फुटतातच."

"फुटतात साहेब."

"मग जा. मी बघितलं नाही."

चार बाटल्या मी ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि मंगळवारी सकाळी गुंडानं त्या लुगड्याखाली ठेवल्या. विहिरीत टाकायच्या जांभळ्या औषधाची एक पुडीही ठेवली. सिरिंज आणि सुया माझ्या खिशात. मी गाड्याबरोबर जायचं, तरसमाळच्या अलीकडं तो गाठायचा आणि बाटल्या काढून घ्यायच्या, असा माझा बेत. बेत लढाईत शिकलो होतो. हेही शिकलो होतो की बेत पहिल्या नाक्यावरच मोडतो.

नाक्यावर जोतिबा नावाचा शिपाई होता. हलगीचा आवाज आला तसा तो उठला, पायातले बूट काढले, टोपी काखेत धरली आणि आडवा बांबू स्वतःच्या हातानं वर केला. गाड्याला त्यानं दाखला मागितला नाही. लुगडं उचकून बघितलं नाही. उलट पुलाच्या पलीकडच्या तोंडापर्यंत दोरी धरून त्यानंच गाडा ओढला, कारण कुरणगावची शीव पुलाच्या मध्याला संपते आणि त्याला आपल्या नाक्यात मरी राहायला नको होती. कुरणगावची माणसं पाठ फिरवून निघाली. मी बांबूखालून पुढं झालो.

"मास्तर, दाखला," जोतिबा म्हणाला. बूट अजून त्याच्या हातातच होते.

मी दाखला दिला. त्यानं तो उलटासुलटा केला.

"ह्यावर शिक्का जुन्या जिल्ह्याचा हाय."

"सही माझीच हाय. ह्या तालुक्यातल्या समद्या दाखल्यांवर माझीच सही आस्ती."

"ती मी वळखतो की. पर हुकूम नव्या शिक्क्याचा हाय."

"नवा शिक्का कुठाय?"

"त्यो आजून आला न्हाई," जोतिबा म्हणाला, आणि बांबू खाली केला.

पलीकडं दुसऱ्या गावाची हलगी सुरू झाली होती. माझ्या डोळ्यांदेखत गाडा वळणाआड गेला, आणि मी, सरकारी टोचणीमास्तर, पुलाच्या अलीकडं उभा. मला इतका संताप आला की बांबू काढून जोतिबाच्या टाळक्यात घालावा असं वाटलं. पण तो खरंच हुकमाचा ताबेदार होता, आणि बिचाऱ्यानं बूट घालायला मला टेकू द्यायला सांगितलं. मी दिला.

उरला डोंगराचा रस्ता. ओढा जिथं उगम पावतो तिथून वळसा घालून बत्तीस मैल. मी निघालो. दोन दिवस चाललो. वाटेत एकच विचार मला खात होता. गाडा तरसमाळला माझ्या आधी पोचणार. तिथली माणसं तो घळीत ढकलणार आणि मागं न बघता येणार. बाटल्या उन्हात तापणार. किंवा कुणाला वाटेल की या साली मरी जोरात आहे, गाडा जाळूनच टाकावा. असंही एकदा केलं होतं. मी देवाला नवस बोललो नाही. कुठल्या देवाला बोलायचा? ज्या देवीचा गाडा, तिलाच मी फसवलं होतं.

गुरुवारी सकाळी मी तरसमाळला पोचलो. वस्तीत न जाता मी तडक घळीत उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा. जुन्या गाड्यांची खोडं, चाकं, आख तिथं पडलेले, वाळवीनं खाल्लेले, किती वर्षांचे कोण जाणे. आणि मधोमध कुरणगावचा नवा गाडा. मरीआई होती, लिंबाचा पाला होता, निवदाचं पान मुंग्यांनी काळं झालं होतं. लुगडं नव्हतं. बांगड्या नव्हत्या. बाटल्या नव्हत्या.

मी पालथा होऊन गाड्याखाली बघितलं. आजूबाजूची खोडं उलटवली. काही नाही. बावीस मैलांत ज्याला कुणी हात लावला नाही त्याला इथं, माझ्याच वस्तीवर, कुणीतरी हात लावला होता. लिंबेघोलच्या विहिरीचं पाणी रोज सगळी वस्ती पीत होती, आणि माझे हात रिकामे होते. मी घराकडं गेलो, कारण दुसरं काय करणार.

आई खोपटापुढं चुलीवर मोठं भांडं ठेवून बसली होती. मला बघून तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"आलास? भाकरी खातूस का?"

"आये, गाडा आला व्हता?"

"आला की. काल दुपारी."

"त्यातलं सामान कुनी काढलं?"

आई उठली. खोपटात रांजणाशी गेली, वाकली, रांजणाखालची ओली वाळू हातानं बाजूला केली. चार बाटल्या तिथं ओळीनं निजवलेल्या होत्या. चारही गार. जांभळ्या औषधाची पुडी कोरड्या मडक्यात वेगळी ठेवली होती.

"लुगडं त्या भांड्यात हाय," ती म्हणाली. "बाबळीच्या सालीत रंगवाया टाकलंय. हिरवं मला कसं चालंल?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. "तू गाड्याला हात लावलास?"

"लावती की. दरसाल लावती."

"कवापासनं?"

"तुजा बाप गेला त्या सालापासनं." ती पुन्हा चुलीपुढं बसली आणि लाकूड पुढं सारलं. "तिनं माजा न्हवरा न्हेला, मी तिचं लुगडं न्हेलं. म्हणलं बगू काय करती. दोन वरसं वाट बगितली. काय केलं न्हाई तिनं. मग मी भ्यायची सोडून दिली."

"आन् मामा?"

"कंचा मामा?"

"हिरवा सदरा धाडनारा."

आईनं भांड्यातलं लुगडं काठीनं खालीवर केलं. "मला भाऊ न्हाई रं," ती म्हणाली. "कदीच नव्हता."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? एवढा लढाईवर जाऊन आलेला गडी मी, चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात असं सांगायची संधी होती, तीही घेतली नाही. ज्या घळीकडं बघितलं तर डोळे जातील म्हणून तिनं मला भ्या घातलं, त्या घळीत ती बाई एकटी दरसाल उतरत होती, आणि वर येऊन मला सदरा शिवत होती. मी त्या सदऱ्यावरून तिच्याशी भांडलो होतो.

"पर बाटल्या वाळूत का ठेवल्यास?" थोड्या वेळानं मी विचारलं. "देवीच्या म्हणून टाकून का न्हाई दिल्यास?"

"बूच हुंगलं. तुज्या कापडाला दवाखान्याचा वास येतो न्हवं, त्योच. म्हणलं ह्ये देवीचं न्हाई, ह्ये माज्या धुळाचं हाय. येतंय म्हणला व्हतास की तू." तिनं माझ्याकडं बघितलं. "आन् औषध गार ठेवत्यात, ह्ये तूच गेल्या खेपंला सांगितलंवतंस."

मी सिरिंज उकळायला ठेवली, तिच्याच चुलीवर, लुगड्याचं भांडं बाजूला काढून. जोतीराम आणि बाकीची माणसं जमली. औषध कुठनं आलं, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, माझ्या पोरानं डोंगरावरून आणलं, आणि पदर सारून पहिला हात तिनं पुढं केला. पहिली सुई मी तिलाच टोचली.

दुपारपर्यंत तरसमाळची त्रेसष्ट माणसं टोचून झाली. संध्याकाळपर्यंत विहिरीत जांभळं औषध पडलं. दुसऱ्या दिवशी मी लिंबेघोलला गेलो आणि बाटल्या संपेपर्यंत टोचत राहिलो. त्या साली तरसमाळवर दोघं आजारी पडली आणि एक म्हातारा गेला. तो मी पोचलो तेव्हाच अंथरुणावर होता. बाकीची वाचली. ओढ्यापलीकडच्या इतर पाच गावांत किती गेली ते मी सांगत नाही. त्यांच्यासाठी वेगळी लस मागवण्यात येत होती. ती मार्गशीर्षात आली. थंडी होती, त्यामुळं ती चांगली टिकली.

कुरणगावला परतलो तेव्हा पत्र माझी वाट बघत होतं. यावेळी दोन्ही ऑफिसांचं एकमत झालं होतं. स्वराज्यात मी बघितलेलं हे त्यांचं पहिलं एकमत. विचारणा अशी, की चार बाटल्या फुटल्या असतील तर काचा कुठं आहेत? लालासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मी चारही रिकाम्या बाटल्या परत आणल्या होत्या. दवाखान्यामागच्या दगडावर एकेक फोडली, काचा पेटीत भरल्या, वर भुसा घातला, आणि नाथाजीनं पत्ता लिहिला. काचा चार दिवसांत पोचल्या. त्या कुणी परत पाठवल्या नाहीत, आणि त्यांची पोचही लगेच आली.

पुढच्या वर्षी आषाढात कुरणगावचा गाडा निघायच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेलो आणि एक लुगडं घेतलं. हिरवं नव्हे. काळं, जाड सुताचं, रंगवायला न लागणारं. ते घेऊन मी गुंडाकडं गेलो.

"ह्यात आता कसल्या बाटल्या?" गुंडा म्हणाला.

"बाटल्या न्हाईत."

त्यानं लुगडं हातात घेऊन चाचपलं, काळा रंग बघितला, माझ्याकडं बघितलं. हिरव्या लुगड्याच्या खाली नीट घडी घालून ठेवलं. गाडा मंगळवारी सकाळी गेला. नाका केव्हाच उठला होता. गाडा पोचला का, म्हणून मी कुणाला पत्र टाकलं नाही.

दिवाळीला घरी गेलो. आई अंगणात मेंढीची धार काढत होती. अंगावर काळं लुगडं, नवंकोरं. मी तांब्यातलं पाणी प्यायलो, खाली बसलो.

"आये, लुगडं नवं दिसतंय."

तिनं धार काढता काढताच मान वर केली. तोंडावरची रेघ हलली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "मामानं धाडलं."